आधी घरचं वीजबिल की आधी वॉर्डातली हरकत?

हवामान बदलतंय की नाही, यावर पुण्यात आता फारसं कुणी भांडत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढा ज्यांच्या घरात शिरला, किंवा जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत ज्यांनी तळमजल्यावरचा संसार चिखलातून उपसला, त्यांच्यासमोर तो वाद घालणार कोण? भांडण लागतं ते पुढच्या प्रश्नावर: करायचं कुणी? काहींचं म्हणणं, सुरुवात स्वतःपासून. काहींचं म्हणणं, चार घरांनी दिवे मालवून काय होतंय, धोरण बदला.

दोन्हींसाठी पुरेल इतका वेळ फार थोड्यांकडे असतो. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातले दोन-तीन तास आणि थोडी शिल्लक यासाठी काढू शकणारे, पण ती कुठे घालावी हे न ठरलेले बरेच जण मला भेटतात. मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. माझा कल एका बाजूला आहे आणि तो लपवत नाही, पण आधी दुसऱ्या बाजूचं जे चांगलं आहे ते सांगतो.

घरापासून सुरुवात केली की गोष्ट आपल्या हातात राहते, आणि आकडेही चांगले निघतात. छतावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर पुण्याच्या उन्हात वर्षाला साधारण ४,००० युनिट वीज मिळते. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास वाचतो. भारताचं दरडोई उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे हे त्याहून जास्त झालं. तीन किलोवॉटला केंद्राच्या योजनेतून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, मिळकतकरातही सवलत आहे. पेट्रोलचं गणितही सोपं: लिटरमागे सुमारे २.३ किलो. विमानाने दिल्लीला जाऊन आलं की माणशी दोनशे किलोच्या घरात. स्टीलची बाटली आणि कापडी पिशवी या सवयी चांगल्याच आहेत, पण हवामानाच्या हिशेबात त्यांचं वजन फार कमी. वैयक्तिक वाट धरायची असेल तर वीज, वाहन आणि विमान यांच्यापासून धरा.

स्वतःचा बंगला किंवा रो-हाऊस असेल, छत आपलं असेल, तर माझ्या मते फार विचारच करू नका, सोलर लावा. कामानिमित्त महिन्यातून दोनदा विमानात बसणाऱ्यांनीही आधी तिकडेच बघावं. नोकरीच्या नियमांमुळे ज्यांना जाहीर भूमिका घेता येत नाही, त्यांच्यासाठी तर हीच वाट मोकळी आहे.

पण पुण्यात बहुतेक जण फ्लॅटमध्ये राहतात आणि छत असतं सोसायटीचं. स्वतःपासून केलेली सुरुवात जिन्यावरून वर गेली की सर्वसाधारण सभेत पोचते. माझं मत बदललं ते तिथे.

आमच्या सभेत विषयपत्रिकेवर सोलरचा विषय होता. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, कागदावर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचा वर्षाचा खर्च मांडलेला. वीस किलोवॉट बसले असते तर वर्षाला २७-२८ हजार युनिट, म्हणजे १९ टनांच्या आसपास. एका ठरावाचं काम. मी दुसऱ्या पानावर आलो आणि मागून आवाज आला, "काका, तुमच्याकडे एसी आहे ना? मग आधी तो बंद करा, मग आम्हाला सांगा." तो एसी आईच्या खोलीत आहे. आई ऐंशीच्या पुढची आहे, आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर रात्री काय तापतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी तसं सांगितलं. मग कुणाची तरी दोन गाड्यांची गोष्ट निघाली, मग कुणाच्या तरी मुलीच्या जर्मनीच्या तिकिटाची. वॉटरप्रूफिंग, खर्चाची वाटणी, नेट मीटरिंग (म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वळती करून घेणं) या खरोखर अवघड मुद्द्यांपर्यंत कुणी आलंच नाही. विषय पुढच्या सभेवर गेला.

मला याचा त्रास अजूनही होतो. त्या माणसाबद्दल राग नाही. पण जबाबदारी प्रत्येकाची वैयक्तिक आहे असं एकदा धरलं की बोलणाऱ्याचं घर तपासणं हेच उत्तर ठरतं, आणि त्या तपासणीत पास होणारा माणूस शहरात सापडणार नाही. शेजारी एकमेकांचे हिशेबनीस होतात. छत मात्र रिकामंच राहतं.

आणि ही सवय आपोआप लागलेली नाही. प्रत्येकाने आपापला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्यामुळे हवेत किती कार्बन जातो तो आकडा, मोजावा ही कल्पना जगभर घरोघरी नेण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा वाटा आहे. २००४ मध्ये तिने लोकांसाठी तसा कॅल्क्युलेटर आणला. तेल काढून विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेब मांडायला बसवलं. मोजणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, वर मीही मोजलंच आहे. पण ०.७ किलोचा तो आकडा घरात बसून कुणालाच खाली आणता येत नाही. वीज कशापासून करायची आणि कुठल्या दराने विकायची हे ठरतं वीज नियामक आयोगासमोर. आयोग दर ठरवण्याआधी लोकांच्या हरकती मागवतो, आणि पुण्याचीच प्रयास ही संस्था तिथे वर्षानुवर्षं अभ्यासाने बाजू मांडत आली आहे. तो आकडा थोडासा उतरला तरी सगळ्यांच्या मीटरमागचा धूर एकदम कमी होतो, एसीवाल्यांचाही.

उलट्या बाजूची एक पळवाटही मला तितकीच खटकते. "अमेरिकेचा माणूस आपल्या सातपट धूर सोडतो, आधी त्याला सांगा." देशादेशांत हे बरोबरच आहे, आणि १९९२ च्या हवामान करारात जबाबदारी सारखी नाही हे तत्त्व आहेच. पण ते दोन टन ही सरासरी आहे, आणि ती खाली ठेवली आहे आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी. त्यांच्या घरी एसी नाही, विमान त्यांनी खालूनच पाहिलंय, आणि ओढा फुगला की पाणी आधी त्यांच्याकडे शिरतं. त्यांच्या कमी धुराआड मध्यमवर्गाने उभं राहू नये.

आता दुसरी वाट. ही कंटाळवाणी आहे, हे आधीच सांगतो. वेताळ टेकडीवरच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये शेकडो पुणेकर रस्त्यावर उतरले, ते दिवस उत्साहाचे होते. पण एरवी हे काम कागदांचं आहे. विकास आराखड्यात नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल निघाला की हरकतींना महिना मिळतो, आणि नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानात बारीक टाइपात असते. झाडं तोडायची असली की मुदत सात दिवसांची. एकदा घराजवळच्या रस्त्यावर अशी नोटीस मी वाचत उभा राहिलो होतो. पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला सुतळीने बांधलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद. आत पाणी जाऊन शाई पसरलेली, तरी जातवार यादी वाचता येत होती: कडुनिंब, सुबाबूळ, पर्जन्यवृक्ष, शेवटी "विकासकामात अडथळा". शेजारून माणसं चालली होती, कुणी थांबत नव्हतं. थांबण्यासारखं ते दिसतही नव्हतं.

हरकत दिली, सुनावणीला गेलो. तिथे मला एसीबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं ते इतकंच: सर्व्हे नंबर कोणता, झाड रस्त्याच्या आखणीत नेमकं कुठे येतं, आखणी सरकवता येईल का? माझी शुद्धता तपासायला कुणाला वेळ नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. काही झाडं राहिली, काही गेली. वैयक्तिक वाटेवर मिळतं ते खात्रीचं. इथे खात्री नाही, आणि मिळालेलं टिकतंच असंही नाही. बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळ्या मार्गिका राखण्याचा, प्रयोग पुण्याने २००६ मध्ये देशात पहिल्यांदा केला, आणि पुढे नगर रस्त्यावरच्या मार्गिका उखडूनही टाकल्या. मार्च २०२२ नंतर महापालिकेवर प्रशासक आले तेव्हा तर जाऊन भेटायला नगरसेवकच नव्हते.

तरी माझं पारडं इकडे झुकतं, आणि त्याला कचऱ्याचं उदाहरण कारण आहे. ओला-सुका वेगळा करा हे आपण घरोघरी ऐकत आलो. पण त्याला अर्थ आला कधी? तो कुणीतरी वेगळा नेऊ लागलं तेव्हा. कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून पुढे स्वच्छ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली. त्यांनी महापालिकेशी भांडून दारोदारचं काम मिळवलं, म्हणून माझ्या घरातले दोन डबे कामाचे ठरले. बसचंही तसंच. दुचाकी सोडणं हा माणसाचा निर्णय खरा, पण बस दहा मिनिटांनी येणार असेल तरच तो टिकतो.

पुरांचंही पाहा. आंबिल ओढ्याच्या काठावर जे झालं त्यात पाऊस होता, पण ओढ्याचं पात्र आवळलेलं होतं हेही होतं. पाऊस आणखी बेभरवशाचा होणार, तेव्हा पात्र मोकळं ठेवणं हे शहराचं काम आहे. माझ्या सोलरने ते होत नाही.

तर, तुमचं छत तुमचं असेल तर सोलर लावून मोकळे व्हा; बिल स्वतःची आठवण करून देत राहील. छत सोसायटीचं असेल, किंवा मोजके तासच हातात असतील, तर ते वॉर्डात घालावेत असं मला वाटतं. सुरुवातीला दोन गोष्टी पुरतात. महापालिका वॉर्डातली लहान कामं नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी मागवते, तो अर्ज क्षेत्रीय कार्यालयात वेळेत द्या. पदपथ, बसथांब्याची सावली, ओढ्याची सफाई असं काहीतरी एकच काम, जागेचा फोटो लावून. आणि येता-जाता झाडावरची नोटीस दिसली की लगेच फोटो काढा, तारीख बघा, आणि सात दिवस संपायच्या आत हरकत द्या. हरकत एका पानाची असावी. झाडाची जात, जागा, आणि ते न तोडता काम कसं होईल याच्या दोन ओळी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. सुनावणीत पहिल्यांदा तोच मागतात.