चढणीला दम लागतो: साधा इको, रक्ततपासणी की स्ट्रेस इको?

देवगडच्या आमच्या आत्याला घरापर्यंतच्या जांभ्याच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. जवळच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. रिपोर्टात लिहिलेलं: ‘ईएफ ६० टक्के, ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’. पंपिंग चांगलं, मग बिघाड कसला? अर्धं घर घाबरलं, उरलेलं म्हणालं, मुंबईला ने. कोकणकन्येचं तिकीट काढण्याआधी मी डॉक्टरांना विचारून तिन्ही तपासण्या ताडून पाहिल्या.

ईएफ सांगतो हृदय आकुंचन किती पावतं ते. सैल पडून रक्त भरून घेताना ते कडक राहतं का, हे वेगळं बघावं लागतं; त्या भरण्यातल्या बिघाडालाच डायस्टॉलिक डिसफंक्शन म्हणतात, आणि ग्रेड १ म्हणजे त्याची सर्वांत सौम्य पायरी. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून रक्त दोन लाटांत आत येतं: हृदय सैल पडलं की आपसूक येणारी ‘ई’, आणि डाव्या कर्णिकेने, म्हणजे वरच्या कप्प्याने, शेवटी ढकललेली ‘ए’. साठीनंतर ‘ई’ ही ‘ए’पेक्षा लहान होणं अगदी नेहमीचं. म्हणून नुसत्या या दोन लाटांवरून लिहिलेला ग्रेड १ मला पांढऱ्या केसांसारखा वाटतो. आत्याच्या पहिल्या रिपोर्टात बाकी काहीच मोजलेलं नव्हतं.

पूर्ण इकोत टिश्यू डॉपलर, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या हालचालीचा वेग मोजणं, लागतं. त्यात झडपेच्या कड्याचा वेग, म्हणजे ‘ई प्राइम’, मोजतात. दोन कप्प्यांमधल्या पडद्याकडे तो सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा किंवा बाहेरच्या भिंतीकडे १० पेक्षा कमी असला तर शंका. अमेरिकन आणि युरोपीय इको संघटनांच्या २०१६ च्या सूचनांत, ईएफ चांगला असताना, याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी बघतात: ई भागिले ई प्राइम सरासरी १४ च्या वर, कर्णिकेचं आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरच्या वर, उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून परतणाऱ्या रक्ताचा (टीआरचा) वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर. चारांपैकी तीन भरले तर दोष आहे, दोनच भरले तर नक्की सांगता येत नाही. ठोके अनियमित असले किंवा झडपेच्या कड्यात कॅल्शियम साचलं असलं तर हे आकडे फसवतात.

एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक मोजणारी रक्ततपासणी, आमच्यासारख्या गावांना सोयीची. नमुना जातो, माणूस घरीच. सवडीने तपासताना आकडा दर मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या खाली आला की हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच कमी होते. मात्र अंगाने जाड माणसात तो मुळातच कमी येतो, आणि वय, किडनीचा त्रास, अनियमित ठोके यांनी वाढतो. कारण कुठलं, हे ती सांगत नाही.

स्ट्रेस इको म्हणजे ट्रेडमिलवर किंवा सायकलवर दम लागेपर्यंत श्रम देऊन तीच मापं पुन्हा घेणं. बसून सगळं ठीक आणि चढणीलाच धाप, अशांसाठी हीच खरी तपासणी. पण गुडघे धड हवेत, आणि हे मोजायचा हात बसलेला माणूस हवा. त्यासाठी घाट चढून कोल्हापूर किंवा थेट मुंबई गाठायची तयारी ठेवा.

माझा कौल: आधी जवळच, पण टिश्यू डॉपलरसकट इको. बुकिंग करतानाच विचारा, ‘ई प्राइम, कर्णिकेचं आकारमान, टीआरचा वेग लिहून देणार का?’ नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. सोबत हिमोग्लोबिन आणि बीपी बघून घ्या. आकडे अधांतरी राहिले तर रक्ततपासणी, तरीही धाप उलगडली नाही तर स्ट्रेस इको. मात्र आडवं पडल्यावर दम कोंडत असेल, पाय सुजत असतील, तर हा क्रम विसरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आत्याच्या दुसऱ्या इकोत चारांपैकी एकच माप बाहेर निघालं. हिमोग्लोबिन मात्र ८, म्हणजे रक्तच कमी.