‘सन डेव्हिड’ कुठे आणि कसं ऐकावं: ‘टोबर अन दुअल्खिश’चं परीक्षण

आई विचारते, तुझ्या तलवारीला हे रक्त कुणाचं? लेक म्हणतो, घोडीचं. मग म्हणतो, कुत्र्याचं. मग ससाण्याचं. आई हटत नाही, तेव्हा शेवटी कबूल करतो: भावाचं. हे स्कॉटिश कथागीत म्हणजे ‘सन डेव्हिड’; अभ्यासकांच्या यादीत ते ‘एडवर्ड’ या नावाने आहे. फ्रान्सिस चाइल्ड यांच्या कथागीतांच्या संग्रहात त्याचा क्रमांक १३, इंग्रजी लोकगीतांच्या राउड सूचीत २००.

बहुतेकांना ते आधी पुस्तकात भेटतं. इंग्रज संकलक थॉमस पर्सी यांनी १७६५ साली छापलेला पाठ युरोपभर गेला; लेखक हेर्डरच्या जर्मन अनुवादावरून संगीतकार ब्राम्सने १८५४ मध्ये पियानोसाठी बॅलड रचलं. पण पर्सींच्या पाठाला चाल नाही, आणि भाषा इतकी घोटीव की लोकांच्या तोंडातून ती जशीच्या तशी आली असेल यावर अभ्यासकांनी शंका घेतली. त्यात खून भावाचा नाही, बापाचा होतो आणि शेवटी मुलगा आईलाच शाप देतो. हे गाणं कागदावर कळत नाही, ऐकावंच लागतं.

त्यासाठी ‘टोबर अन दुअल्खिश’ (वारशाची विहीर) हे संकेतस्थळ पहिलं उघडावं. एडिनबरा विद्यापीठात १९५१ साली सुरू झालेल्या ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’च्या टेप, बीबीसी स्कॉटलंडची काही ध्वनिमुद्रणं आणि कॅना बेटावरचा संग्रह इथे फुकट ऐकता येतो. प्रत्येक नोंदीला गायक, संकलक, ठिकाण, तारीख आणि गाण्याचा सारांश असतो. हीच त्याची खरी ताकद: कुणी, कधी, कुठे गायलं हे कळल्याशिवाय दोन पाठांची तुलना करण्यात अर्थ नाही.

शोधताना मात्र ‘एडवर्ड’ एवढंच टाकून थांबू नका. गाणारे लोक या गाण्याला त्या नावाने ओळखतच नाहीत. आधी लंडनच्या वॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाच्या (लोकसंगीताचं ग्रंथालय) ऑनलाइन सूचीत राउड २०० काढा, तिथे मिळालेली शीर्षकं लिहून घ्या (‘सन डेव्हिड’, ‘माय सन डेव्हिड’, आयर्लंडकडचं ‘व्हॉट पुट द ब्लड’), मग ती ‘टोबर अन दुअल्खिश’वर एकेक करून टाका. स्कॉट्स शब्द अडले तर स्कॉट्स भाषेचा ऑनलाइन कोश शेजारी उघडा ठेवा. नाहीतर पर्सींच्या पाठातला ‘ब्रँड’ म्हणजे तलवार, हे ध्यानात येत नाही.

जीनी रॉबर्टसन यांचं ‘सन डेव्हिड’ हे यातलं सोनं. ॲबर्डीनच्या ट्रॅव्हलर (भटक्या) समाजातल्या या गायिकेपर्यंत लोकगीतांचे संकलक हॅमिश हेंडरसन १९५३ साली पोहोचले. साथीला एकही वाद्य नाही. ‘हो, सन डेव्हिड’ या पालुपदातला ‘हो’ त्या लांबवतात. तीच हाक आधी विचारणारी वाटते, मग दटावणारी, आणि भावाचं नाव आल्यावर तिच्यात रडणं ऐकू येतं. शब्द एकही बदललेला नसतो. शेवटी मुलगा बिनतळाच्या होडीतून निघतो. परत कधी येशील? चंद्र-सूर्य दरीत भेटतील तेव्हा.

उणिवा आहेत. ध्वनिमुद्रण डाउनलोड करता येत नाही. सगळ्याच गाण्यांचे पूर्ण शब्द लिहून दिलेले नाहीत, आणि जुन्या टेपची खरखर मोबाइलच्या स्पीकरवर शब्द गिळून टाकते. हेडफोन लावाच. अमेरिकी लोकगीत-संकलक ॲलन लोमॅक्स यांनीही जीनींना ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यांचा डिजिटल संग्रहही फुकट आहे, तो याच्या जोडीला ऐकावा.