मोहीम आणि संवाद प्रमुख व्हायचंय: दिल्लीची मोठी संस्था की पुण्यातली संघटना?

पुण्यात राहून मानवी हक्कांच्या क्षेत्रात मोहिमा आणि संवाद यांची जबाबदारी घ्यायची म्हटलं, तर साधारण दोन प्रकारच्या जागा समोर येतात. एक म्हणजे दिल्ली किंवा मुंबईत मुख्यालय असलेली राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय संस्था. तिथे पद मोठं, हाताखाली टीम, बरंचसं काम घरून आणि अधूनमधून प्रवास. दुसरी म्हणजे पुण्यातच वाढलेली संस्था किंवा संघटना, जी कचरावेचक, घरेलू कामगार, हिंसा सोसलेल्या स्त्रिया किंवा भटके-विमुक्त यांच्यात काम करते. तिथे पदाचं नाव काहीही असो, प्रेसनोट लिहिण्यापासून मोर्चाचे फलक रंगवून घेण्यापर्यंत सगळं तुमच्याकडेच येतं.

पत्रकारितेतून किंवा जाहिरात क्षेत्रातून इकडे वळू पाहणारे लोक पगार, पद आणि शहर यांची तुलना करत बसतात. माझ्या मते आधी एकच गोष्ट बघावी: संस्थेच्या नावाने बाहेर जाणाऱ्या शब्दावर शेवटचा अधिकार कुणाचा आहे?

मोठ्या संस्थेत तो अधिकार साखळीचा असतो. समजा, सकाळी एखाद्या वस्तीवर पूर्वसूचना न देता बुलडोझर चालला. दुपारच्या आत तुम्ही निवेदनाचा मसुदा तयार करता. मग तो कार्यक्रम प्रमुखांकडे जातो, तिथून वकिलांकडे, मग संचालकांकडे आणि विषय नाजूक असेल तर विश्वस्तांकडेही. मंजुरी येईपर्यंत रात्र होते. पुणे आवृत्तीची पानं तोवर लागलेली असतात आणि बातमीत महापालिकेची बाजू तेवढी छापून येते. याचा त्रास होतो, पण या साखळीला कारण आहे. एक चुकीचा शब्द गेला तर नोटीस संस्थेला येते आणि त्या संस्थेच्या आधारावर चार राज्यांत काम करणारे लोक अडचणीत येतात. शिवाय अशा ठिकाणी कायदा बदलायची ताकद असते. संसदीय समितीपुढे म्हणणं मांडायचं, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात प्रकरण लावून धरायचं, इंग्रजी आणि हिंदी माध्यमांना एकाच वेळी सामोरं जायचं, हे एकट्या पुण्यातून जमवणं अवघड आहे.

पुण्यातल्या संघटनेत हा अधिकार सभासदांचा असतो, निदान असायला हवा. 1993 साली सुरू झालेली कचरावेचकांची संघटना कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून पुढे 2008 मध्ये कामाला लागलेली कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था यांचं काम मी या बाबतीत नमुना मानतो. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच कचऱ्यात टाकले जातात आणि कचरा वेगळा करताना बायकांना ते हाताने उचलावे लागतात, हे दुखणं रोज सकाळी तो कचरा हाताळणाऱ्या बायकांनीच मांडलं. 2013 मध्ये त्यांनी असे पॅड पिशव्यांत भरून उत्पादक कंपन्यांना परत पाठवले. बातमी देशभर गेली, कारण ती कृती इतकी नेमकी होती की समजावून सांगायला वेगळा प्रवक्ता लागला नाही. सोबत घराघरांत सांगणं चालू राहिलं: पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका करा, म्हणजे हात लावण्याआधी कळेल. पुढे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत पॅडसोबत विल्हेवाटीसाठी पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. कंपन्यांनी ती कितपत पाळली हा वेगळा विषय आहे, पण मागणी नियमात उतरली.

अशा ठिकाणी संवाद प्रमुखाचं काम कल्पना सुचवण्याचं कमी आणि ऐकण्याचं जास्त असतं. जाहिरात क्षेत्रातून आलेल्यांना हे जड जातं. त्यांना घोषवाक्य आधी सुचतं. बैठकीत एखादी मावशी म्हणते, ‘हे आमचं बोलणं नाही,’ तेव्हा ते घोषवाक्य खरोखर टाकून देता आलं पाहिजे.

आता एक बाब, जिच्यात मला दोन्हीकडची बाजू तितकीच महत्त्वाची वाटते: पीडितेची ओळख. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं कलम 23 आहे. मोठ्या संस्थेत यासाठी लेखी धोरण असतं, संमतीपत्र असतं, फोटो वकिलांच्या नजरेखालून जातो. लहान संघटनेत बहुतेकदा यातलं काहीच कागदावर नसतं. पण कागदावरच्या धोरणाला न दिसणारी गोष्ट तिथल्या कार्यकर्तीला दिसते. नाव बदललं, चेहरा धूसर केला आणि खाली लिहिलं, ‘येरवड्यात राहणारी, पिशव्या शिवून दोन मुलांना वाढवणारी चोवीस वर्षांची तरुणी.’ दिल्लीतल्या संपादकाला यात गैर दिसणार नाही. त्या गल्लीत मात्र पिशव्या शिवणारी तेवढ्या वयाची एकच बाई असते आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. कार्यकर्ती हे वाचताक्षणी सांगते, ‘पिशव्या काढा, वय काढा.’ तुम्ही मोठ्या संस्थेत गेलात तर मजकूर बाहेर पडण्याआधी तो अशा कार्यकर्तीकडे जाईल अशी व्यवस्था पहिल्या महिन्यातच करून घ्या. लहान संघटनेत गेलात तर लेखी धोरण तयार करणं हे तुमचं पहिलं काम समजा. संमती एकदा घेऊन भागत नाही. मुलीचं लग्न ठरलं की आईला जुना फोटो नको असतो, तेव्हा तो काढून टाकता आला पाहिजे.

पैशाचं बोलू. मोठ्या संस्थांचा बराच निधी परदेशातून येतो आणि तो विदेशी अभिदाय कायद्याखाली, म्हणजे बोलीभाषेतल्या एफसीआरएखाली असतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली आणि सगळा पैसा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने बँक खाती गोठवली गेल्यामुळे काम थांबवलं आणि कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला. म्हणजे मोठ्या संस्थेतली नोकरी स्थिर, हा समज आता धरून चालू नये. वर्गणी आणि स्थानिक देणग्यांवर चालणाऱ्या संघटनेत पगार कमी असतो, कधी उशिराही होतो, पण एका आदेशाने ती सहसा बंद पडत नाही. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटी दिलेल्या निधीवर चालणाऱ्या संस्थेची गोष्ट तिसरीच. शाळा आणि आरोग्य यांना तो पैसा मिळतो, पण व्यवस्थेला जाब विचारणारी मोहीम त्यावर चालवणं मला तरी शक्य दिसत नाही.

धोक्याबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यातच, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो त्याच डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. जाहीरपणे बोलणाऱ्या पदावर जाताना घरच्यांशी याबद्दल आधी बोलून घ्या. मोठ्या संस्थेत निदान वकील आणि सुरक्षेचे नियम असतात. लहान संघटनेत माणसं असतात, रात्री फोन केला तर दहा जण चौकीवर येऊन उभे राहतात. मला स्वतःला या दुसऱ्या प्रकारचा आधार जास्त वाटतो, पण हा स्वभावाचा भाग आहे.

माझा कौल असा. वस्तीत, न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात लोकांसोबत बसून काम केल्याचा अनुभव नसेल, तर आधी पुण्यातली संघटना निवडा. घराचा हप्ता, आईवडिलांचा औषधोपचार हे सांभाळून दोन-तीन वर्षं काढता येत असतील तर नक्कीच. ते जमणार नसेल तर ओढाताण करू नका, मोठ्या संस्थेत राहूनही प्रामाणिक काम करता येतं. जमिनीवरचा अनुभव आधीच गाठीशी असेल आणि आता कायद्यावर किंवा धोरणावर काम करायचं असेल, तर मुख्यालयाची जागा घ्या. तिथे तुमच्यासारख्याची फार गरज आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा शेवटची प्रेसनोट मागून घ्या आणि तिच्यात कुणी काय बदललं ते विचारा. ज्या लोकांबद्दल ती होती त्यांना ती वाचून दाखवली होती का, हेही विचारा. मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल बघा: सगळ्यात मोठा देणगीदार उद्या थांबला तर किती महिने भागेल? परदेशी निधी असेल तर नोंदणीची पाच वर्षांची मुदत कधी संपते आणि तुमचा पगार त्या 20 टक्के प्रशासकीय खर्चात धरलाय का, हे लेखी घ्या. निधी उभारणीचा मजकूरही तुम्हीच लिहायचा आहे का, तेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्या. देणगीसाठी रडका चेहरा मागितला जातो आणि मोहिमेला ताठ मानेची बाई हवी असते. दोन्ही तुमच्याच टेबलावर येणार असतील, तर नकार देण्याचा अधिकारही तुमच्याकडेच हवा.