रांगितोतोची फेरी: माथ्याइतकीच वाटही पाहा

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या डाउनटाउन फेरी टर्मिनलवरून बोट सुटली की साधारण 25 मिनिटांत रांगितोतो या ज्वालामुखी बेटाचा धक्का येतो. बहुतेक जण उतरतात आणि तडक 259 मीटरचा माथा गाठायला निघतात. वरून शहर आणि आखात सुरेख दिसतं, 60 मीटर खोल विवरही दिसतं. पण बेटाचा खरा ऐवज खालच्या अर्ध्या वाटेत आहे आणि तिथेच लोक सगळ्यात भरभर चालतात.

हे बेट सुमारे 600 वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलं. ऑकलंडच्या पन्नासेक ज्वालामुखींत हा सर्वांत तरुण आणि सर्वांत मोठा. शेजारच्या मोटुतापू बेटावर त्याच्या राखेत माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत, म्हणजे उद्रेक चालू असताना तिथे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींची वस्ती होती.

दगड बेसॉल्टच, आपल्या सह्याद्रीच्या कातळाचा. तिकडे साडेसहा कोटी वर्षांत त्याची काळी माती झाली. इथे तो अजून माती व्हायचाच आहे. पावसाचं पाणी भेगांतून थेट खाली जातं, त्यामुळे ओढा नाही की झरा नाही. तरीही भेगांत पोहुतुकावा हा इथला मूळचा वृक्ष रुजला, त्याच्या सावलीत पालापाचोळा साठला आणि त्यावर बाकीची झाडं आली. उघड्या काळ्या खडकात हिरवी बेटं दिसतात ती अशी झालेली. किडनी फर्न कोरड्या दिवसांत चुरगळलेल्या कागदासारखं दिसतं, पाऊस पडला की पानं पसरतं. म्हणून पावसानंतरचा दिवस निवडावा. पोहुतुकावाचा लाल बहर मात्र डिसेंबरात.

धक्क्यापासून माथ्यापर्यंत जायला तासभर लागतो. चढ आधी सौम्य, कारण पातळ लाव्हा दूरवर पसरत गेला. शेवटचा टप्पा सच्छिद्र दगडांच्या शंकूचा, तिथे दम लागतो. लाव्हा गुहांचा फाटा चुकवू नका. प्रवाहाचा वरचा थर गोठला, आतला लाव्हा वाहून गेला आणि पोकळी उरली. आत अंधार असतो, मोबाइलच्या उजेडावर भागवू नका, चांगली टॉर्च घ्या.

बूट बंद आणि जाड तळव्याचे हवेत. चपला या धारदार दगडांपुढे टिकत नाहीत. बेटावर दुकान नाही, तेव्हा पाणी माणशी दोन लिटर तरी सोबत हवं. उन्हाळ्यात काळा खडक खालूनही भाजतो. कचरापेटीही नाही, सगळं परत आणायचं.

बोटीत चढण्याआधी बूट घासून घ्या, पिशवीत उंदीर, मुंग्या, बिया नाहीत ना ते पाहा आणि खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हा जाच वाटतो, पण कारण भक्कम आहे: पॉसम आणि वॉलबी या बाहेरून आणलेल्या ऑस्ट्रेलियन प्राण्यांनी जंगल कुरतडलं होतं, ते 1990 च्या दशकात हटवले, 2011 मध्ये बेट उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त जाहीर झालं आणि टीएके हे न्यूझीलंडचे मूळचे पक्षी परत आले. एक गाभण उंदरीण हे सगळं उलटवू शकते.

सेवेला पाचपैकी चार. एक गुण कापला तो फेऱ्या मोजक्याच असल्याने; गुहा, माथा आणि किनाऱ्याची वाट एका दिवसात बसवायची तर पहिलीच बोट धरावी लागते. परतीची शेवटची वेळ उतरतानाच टिपून घ्या. बेटावर तंबू ठोकायला परवानगी नाही आणि बोट चुकली तर खासगी वॉटर टॅक्सीचं भाडं तुमच्या खिशातून.