मोजल्याशिवाय पाना न लावणारे कुपवाडचे वर्कशॉप

मातीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार केलेल्या माझ्या मारुती जिप्सीचे मागचे सस्पेन्शन गेल्या महिन्यात सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका पाटेवाल्याकडून (पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग) जुळवून घेतले. हे वर्कशॉप शर्यतीच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध नाही. पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर ट्रकचे आणि उसाच्या ट्रेलरचे पाटे उघडणे, बाक देणे आणि बसवणे हेच तिथले काम असते. जिप्सीच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आणि पाट्यांचीच कमान असल्यामुळे पाट्यांचा जाणकारच या गाडीचे दुखणे ओळखेल, अशा अंदाजाने मी तिथे गेलो.

दुखणे असे होते की उजव्या वळणात शिरताच गाडीची शेपटी वेळेआधी बाहेर फेकली जायची आणि डाव्या वळणात मात्र नाक वळायलाच तयार नसायचे. यापूर्वी दुसऱ्या एका गॅरेजने दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून दिला होता, लांब शॅकल (पाट्याचे मागचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारी झुलती पट्टी) बसवले होते आणि शॉकअप पूर्ण कडक करून ठेवले होते. त्यानंतर खडबडीत मुरमावर मागची चाके टुणटुण उडू लागली आणि वळणात आतले चाक हलके होऊन जागच्या जागी फिरू लागले. मागची बाजू जितकी कडक, तितका वळणात आतल्या चाकावरचा भार अधिक प्रमाणात बाहेरच्या चाकाकडे जातो आणि मागची पकड कमी होते, ही साधी गोष्ट तिथे कोणी लक्षातच घेतली नव्हती.

कुपवाडच्या मिस्त्रींनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "दादा, आधी गाडी मोजू, मग काय ते उघडू." गाडी सपाट कोब्यावर उभी करून त्यांनी चारही टायरची हवा सारखी केली, पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाला वळवलेल्या गोल कडीच्या) बोल्टवरून दोन्ही बाजूंना गवंड्याचा ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा केल्या, तशाच खुणा ॲक्सलच्या दोन्ही टोकांखाली केल्या आणि स्टीलच्या टेपने अंतरे आणि कर्णही मोजले. उजवीकडचे अंतर डावीकडच्यापेक्षा ८ मिलिमीटरने कमी भरले. म्हणजे ॲक्सलचे उजवे टोक पुढे सरकलेले होते, मागची चाके किंचित डावीकडे बघत होती आणि गाडीचे नाक कायम उजवीकडे ढकलले जात होते. सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग थोडे डावीकडे धरावे लागायचे, त्याचे कारण मला त्या खडूच्या खुणा पाहिल्यावर कळले. उघडल्यावर दिसले की उजव्या बाजूचे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या ज्या छिद्रात बसते, ते छिद्रच झिजून लांबट झाले होते आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट सैल असल्यामुळे ॲक्सलला सरकायला वाव मिळाला होता.

यापुढचा प्रकार सांगलीतच घडू शकतो. चार चाकांवरचा भार वेगवेगळा मोजण्याची शर्यतीची महागडी यंत्रणा त्यांच्याकडे नाही. त्यांनी मार्केट यार्डातील ओळखीच्या हळदीच्या अडतीतून ५०० किलोचे चार इलेक्ट्रॉनिक काटे मागवले, लेव्हल ट्यूब लावून चारही काटे एका पातळीत आणले आणि मला चालकाच्या जागेवर बसवून गाडी त्यावर चढवली. एकूण वजन १,०८० किलो भरले. त्यात पुढे डावीकडे २६३ आणि उजवीकडे ३१७, तर मागे डावीकडे २६९ आणि उजवीकडे २३१ किलो असा भार होता. पुढचे उजवे आणि मागचे डावे या कर्णावरच्या दोन चाकांवर मिळून ५८६ किलो, म्हणजे ५४ टक्क्यांहून थोडा अधिक भार येत होता. हा कर्ण जड असला की गाडी डाव्या वळणात हट्टी होते आणि उजव्या वळणात मागून सुटते. माझी तक्रार नेमकी हीच होती. मागच्या उजव्या बाजूच्या पाट्याचा बाक कमी होऊन तो खचला होता, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतील मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर गाड्या फक्त डावीकडेच वळतात, त्यामुळे तिथे मागच्या डाव्या चाकावर मुद्दाम जास्त भार ठेवतात, मागचे उजवे टायर डाव्यापेक्षा मोठ्या घेराचे वापरतात आणि वळणात ॲक्सलने ठरावीक दिशेला सरकावे अशी रचनाही करतात. तिथल्या सेटिंगचे आकडे वाचून ते जसेच्या तसे आपल्या गाडीवर लावण्याचा मोह मलाही झाला होता. आपल्याकडच्या ट्रॅकवर दोन्ही बाजूंची वळणे असतात, त्यामुळे दोन्ही कर्णांवर निम्मा निम्मा भार हेच आपले उद्दिष्ट असायला हवे.

मिस्त्रींनी जादा पाटे काढून टाकले, उजव्या पाट्यांना थंड अवस्थेतच ठोकून बाक दिला, सर्व पाटे वायर ब्रशने घासून त्यांच्यामध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावले आणि झिजलेले छिद्र भरून नव्या सेंटर बोल्टसाठी पुन्हा पाडले. लांब शॅकलमुळे ॲक्सल पुढच्या डोळ्याच्या मानाने खाली गेला होता, त्यामुळे गाडी कलंडली की बाहेरचे चाक मागे सरकून शेपटी आणखी बाहेर काढत असे. म्हणून मूळ लांबीचे शॅकल परत बसवले. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना आवळलेच नाहीत. चाके जमिनीवर टेकवून, मला आत बसवून, गाडी दोन-चार वेळा दाबून मगच शेवटचा पाना फिरवला. लोंबकळत्या ॲक्सलवर आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पुन्हा काट्यावर घेतल्यावर आकडे २८६, २९४, २४६ आणि २५४ असे आले, म्हणजे दोन्ही कर्णांवर बरोबर ५४० किलो.

मिरजेच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुरमाड माळावर आम्ही चाचणी घेतली. शॉकअपचा रिबाउंड, म्हणजे दबलेला पाटा परत उलगडताना शॉकअप करतो तो विरोध, त्याच्या खटक्याखटक्याने फिरणाऱ्या बटणावर एका वेळी दोनच क्लिक सैल करत गेलो. तो कडक असताना एका खड्ड्यातून पाटा उलगडण्याआधीच दुसरा खड्डा यायचा आणि मागची बाजू खाली बसत जायची. सहा क्लिक सैल केल्यावर चाके जमिनीला चिकटून राहू लागली. टायरची हवा २२ पीएसआय ठेवली. आता दोन्ही बाजूंच्या वळणात शेपटी ॲक्सिलरेटरच्या इशाऱ्यावर आणि सारख्याच प्रमाणात सुटते. इतक्या वर्षांत ही गाडी मला पहिल्यांदाच पूर्ण ओळखीची वाटली.

दोन दिवसांच्या कामाचे बिल ७,४०० रुपये झाले, ते मला वाजवी वाटते. उणिवाही सांगायला हव्यात. मोजमापांचा कागद तिथे कोणी देत नाही, आकडे आपणच वहीत उतरवून घ्यावे लागतात. शर्यतीचे शॉकअप किंवा त्यांचे सुटे भाग तिथे मिळणार नाहीत. उसाचा गळीत हंगाम सुरू असताना तर जाऊच नये, कारण अंगणात ट्रेलरची रांग असते आणि ज्याचा ऊस वाटेत अडकला आहे त्याचे काम आधी होते, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. दसऱ्याच्या आधी किंवा उन्हाळ्यात फोन करून वेळ ठरवावी.

२०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला सांगितले होते, त्याप्रमाणे परवा जाऊन आलो. डावीकडचा एक यू-बोल्ट पाव फेरा फिरला, बाकीचे तीन जागचे हललेही नाहीत. त्याचे पैसे घेतले नाहीत.