लाकडी लुअरसाठी २:१ इपॉक्सी: दिवाळी ते पावसाळा वापरून

लाकडी लुअरवर (मासे पकडायच्या खोट्या आमिषावर) कोट मारायला दिवाळीत ऑनलाइन मागवलेलं क्लिअर इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणारा माल, आता संपत आलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. बाटलीवर मोठ्या अक्षरात २:१ लिहिलंय, पण मापाने (मिलीत) की वजनाने (ग्रॅममध्ये) ते कुठेच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, दोन्ही सेमच." अहो सेम कसं असेल, रेझिन जड असतं आणि हार्डनर हलका! साधं अराल्डाइट बघा, मापाने १:१ पण वजनाने १००:८०, आणि डेटाशीटवर दोन्ही आकडे दिलेत. एवढे पैसे घेऊन एक ओळ छापता येत नाही का?

नवीन माणसाला हे फार महागात पडतं, कारण एका लुअरला दोन-तीन मिली माल पुरतो आणि एवढ्याशा मालात प्रमाण जरा हललं तरी कोट वरून चकचकीत दिसतो, आतून मात्र कडक होत नाही, नख दाबलं की खूण उमटते. माझ्या पांगाऱ्याच्या लुअरवर मागचा ट्रेबल हुक (तीन काट्यांचा गळ) घासून घासून अर्धगोल चर पडला, तिथून खाडीचं पाणी आत गेलं, लाकूड फुगलं आणि रंगासकट पापुद्रा सुटला. रंगवायला गेलेली अख्खी संध्याकाळ पाण्यात.

मग मेडिकलमधून सिरिंज आणल्या, रेझिनला वेगळी, हार्डनरला वेगळी, आणि मापाने २:१ घेतलं. तोच माल दुसऱ्या दिवशी टणक! म्हणजे माल चांगला आहे, लेबल वाईट आहे. एक स्टार देणार होतो, आता साडेतीन देतो. एकदम तीन-चार लुअर कोट करा, माप नीट येतं आणि मालही वाया जात नाही.

पावसाळ्यात कोटवर तेलकट चिकट थर येतो. त्यावर थेट पॉलिश पेपर मारू नका, आधी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, सुकवा, मग घासून पुढचा कोट. बुडबुडे येत असतील तर कोट संध्याकाळी उतरत्या उन्हात मारा, लाकूड तापत असताना आतली हवा फुगून बाहेर येते. ओघळ येऊ नयेत म्हणून फिरवायला मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर भंगारात मिळते, नवीन ड्रायिंग व्हील घ्यायची गरज नाही. फक्त मोटरवर लिहिलेलं व्होल्टेज आधी बघा, काही थेट २३० व्होल्टवर चालतात, वायरिंग नीट झाका.

पण खरं काम रंगाच्या आधीचं. स्क्रू आयची (गळ आणि दोरी अडकवायच्या कडीच्या स्क्रूची) भोकं आणि लिपची (तोंडाजवळच्या पट्टीची) खाच आधी पाडून घ्या आणि सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) त्यांच्या आतपर्यंत जाऊ द्या, पाणी तिथूनच शिरतं. मी हार्डवेअरमधला सँडिंग सीलर थिनरमध्ये पातळ करून लाकूड प्यायचं थांबेपर्यंत लावतो. रापाला या प्रसिद्ध लुअर ब्रँडचा फिनलंडचा जनक लाउरी रापाला याने १९३६ मध्ये पहिलं लुअर बुचाचं केलं, त्यावर चॉकलेटची चांदी आणि वर वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा कोट, एवढ्यावर त्यांचं भागलं. त्यामुळे महागडी बाटली नसेल तर अडून बसू नका.

परत हेच घेणार का? डेटाशीटसाठी मेल टाकलाय. वजनाचा आकडा लिहून पाठवला तर घेईन, नाहीतर दुसरीकडे बघेन. उरलेला माल स्क्रू आय पक्के बसवायला ठेवलाय.