दोन सेन्सरचा हात की आठ सेन्सरचा?

कोपराखाली हात गेलाय, केबलचा हुक वापरून झालाय आणि आता स्नायूंच्या इशाऱ्यावर चालणारा कृत्रिम हात घ्यायचं चाललंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. दोन्ही प्रकार मी वापरलेत. साधा दोन सेन्सरचा चार वर्षं, आणि आठ सेन्सरचा, शिकवावा लागणारा हात अडीच महिने, चाचणीवर. माझं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या गोडाऊनमध्ये. माल मोजायचा, घड्या घालायच्या, गठ्ठे रॅकवर चढवायचे.

सेन्सर म्हणजे कातडीला टेकून स्नायूंचा विजेचा इशारा टिपणारा तुकडा. दोन सेन्सरचं काम सरळ आहे. मनगट आत वाकवतोय असं मनात आणलं की आतल्या बाजूचे स्नायू आवळतात आणि मूठ मिटते. बाहेर वाकवतोय म्हटलं की उघडते. जोर जास्त लावला तर वेग वाढतो. पंजा गोल फिरवायचा असेल, तर मात्र दोन्ही बाजू एकदम आवळून गिअर बदलावा लागतो. हे कटकटीचं आहे, मान्य. चहाचा ग्लास उचलायला जावं आणि पंजाच फिरावा, असं माझं पहिले दोन महिने चाललं होतं.

आठवाल्यात गिअरच नाही. सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेल्या हातावर चढवायच्या खोबणीत, गोलाकार बसवलेले सेन्सर सगळ्या स्नायूंचा मिळून एक ठसा टिपतात, आणि कुठला ठसा मुठीचा, कुठला चिमटीचा, हे आपण त्याला शिकवायचं. कल्पना तशी जुनी. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक विद्यापीठातल्या हडगिन्स, पार्कर आणि स्कॉट यांनी १९९३ मध्येच दाखवलं होतं की स्नायू आवळायला सुरुवात होतानाच्या लहरींवरून कुठली हालचाल करायची आहे ते ओळखता येतं. पहिल्या दिवशी मी नुसती चिमूट मनात आणली आणि समोरच्या हाताने चिमूट केली. गेलेली बोटं अकरा वर्षांनी वापरतोय असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. तो दिवस मी विसरणार नाही.

पण शिकवणी झाली होती खुर्चीत बसून, कोपर अंगाशी धरून. माझं निम्मं काम डोक्याच्या वर. हात वर गेला की सॉकेटचं वजन वेगळ्या बाजूला येतं, कातडीखाली स्नायू सरकतात, आणि त्याच मुठीचा ठसा बदलतो. एकदा रॅकच्या वरच्या कप्प्यापाशी हात आपोआप उघडला आणि चादरींचा गठ्ठा खाली उभ्या असलेल्या मामांच्या खांद्यावर आला. ‘असू दे रे, लागलं नाही,’ म्हणाले ते. त्यानंतर मी रॅकखाली कोणाला उभं राहू दिलं नाही. हात वर धरून पुन्हा शिकवल्यावर बराच फरक पडला, हेही सांगायला हवं.

मग एप्रिल लागला. सोलापूरचा उन्हाळा आणि वर पत्र्याचं छप्पर. स्नायूंचा इशारा मुळात व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. सॉकेटमध्ये घाम साचला, सॉकेट जरा सरकलं, की सकाळी शिकवलेलं दुपारी चालेना. सॉकेट काढा, पुसा, चढवा, आणि एकेक हालचाल काही सेकंद धरून सगळं परत शिकवा. दिवसातून दोन-तीनदा. टेम्पो दाराशी लागलेला, हमाल खोळंबलेले, आणि मी कोपऱ्यात उभा राहून शिकवणी घेतोय. इतर सगळं मी सोसलं असतं, हे नाही सोसवलं.

घाम दोन सेन्सरलाही त्रास देतोच. पण तिथे नेमकं काय बिघडलंय ते मला कळतं. मूठ उघडत नाही म्हणजे बाहेरच्या बाजूचा सेन्सर. टॉवेल आत फिरवला, सॉकेट नीट बसवलं, की झालं. थंडीत उलट, कातडी कोरडी पडते आणि सकाळी हात दादच देत नाही; तेव्हा घालण्याआधी ओला हात फिरवतो. आठवाला चुकला की कुठे चुकला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हे माझ्या हाताचं झालं. प्रत्येकाचा उरलेला हात वेगळा. तुमचं काम एसी ऑफिसात टेबलावर असेल, किंवा दोन्ही बाजूंचे स्नायू वेगवेगळे आवळताच येत नसतील, तर आठवाला कदाचित जास्त उपयोगी पडेल. खांद्यापासून हात गेलेल्यांचं गणित तर पूर्ण निराळं. शस्त्रक्रियेने हाताच्या नसा छातीच्या स्नायूंना जोडलेल्या असतील, तर ठसे ओळखण्याची पद्धत त्यांना खूप काही देऊ शकते.

फक्त चाचणी घ्याल ती सेंटरच्या खुर्चीत घेऊ नका. हात कामावर न्यायला मागा, जमलं तर मे महिन्यात, आणि उंचावरची जड वस्तू दुपारी तीनला उचलून बघा. मी आठवाला परत केला. दिवाळीनंतर सॉकेट नवीन करून घेतलं, तेव्हा हात बसवणाऱ्या मॅडमनी पुन्हा एकदा विचारलं. म्हटलं, मॅडम, दोनच ठेवा, फक्त बाहेरचा सेन्सर बोटभर खाली घ्या.